शेजारची सीट

प्रिय बबडे,

तू आम्हाला भेट दिलेली बेटाची सहल झाली. सकाळी व्हॅन हॉटेलवर न्यायला आली. गाईड गोलमटोल, मिस्कील. म्हणाला, मी डोकी मोजत नाही, माझं गणित कच्चं आहे. दर थांब्यानंतर प्रत्येकाने शेजारची सीट बघायची आणि आपलं माणूस आलं की ओरडून सांगायचं. सगळे हसले. तुझ्या बाबांनी खिडकीची काच लावून घेतली. मला वारा हवा होता.

आधी धबधबा. पायऱ्या शेवाळलेल्या. मी पार पाण्यापर्यंत उतरले. बाबा वरून घड्याळ दाखवत राहिले. मग खारफुटीतून होडी. मग जुना राजवाडा. तिथे त्यांनी प्रत्येक पाटी शेवटपर्यंत वाचली आणि मी सगळ्या दालनांतून दोनदा फिरून आले. पाय एका जागी ठरत नव्हते. व्हॅनमध्ये परतलो की मी ओरडायचे, ‘आले!’ ते म्हणायचे, ‘आली.’ दिवसभरात आमचं बोलणं एवढंच. घराबाहेर पडलो की बोलू, असं तुला वाटलं होतं.

वटवाघळांच्या गुहेपाशी ते मागे राहिले. गाईडने विचारलं. मी शेजारची सीट पाहिली. तिच्यावर त्यांची टोपी होती, ते नव्हते. मी म्हणाले, ‘आले!’

व्हॅन निघाली. मी काच उघडली. दोन वळणं नुसता वारा.

मग मागच्या सीटवरच्या आजी ओरडल्या, ‘अगं बाई, तुझा नवरा कुठाय?’ मी म्हटलं, टोपी बघून फसले. सगळी व्हॅन खो-खो हसली. परत गेलो तर बाबा रस्त्याच्या कडेला उभे, दोन्ही हातांत शहाळी. एक संपलेलं. माझं भरलेलं, तसंच. आत येऊन त्यांनी टोपी मांडीवर घेतली. काच लावायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

शेवटचं ठिकाण दीपगृह. उतरताना मी पर्स बरोबर घेतली. एरवी सीटवरच ठेवत होते. त्यांनी ते पाहिलं. परत निघायच्या वेळी मी कठड्याशी उभी होते. आजी पेंगत होत्या. गाईडने विचारलं. उघड्या खिडकीतून बाबांनी माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. मी जागची हलले नाही. मग ते म्हणाले, ‘आली.’

व्हॅन गेली.

दीपगृहाखालच्या विश्रामगृहात खोली मिळाली आहे. अजून बसलेले नाही, उभ्यानेच लिहिते आहे. या पत्राचा फोटो काढून लगेच पाठवते, म्हणजे हॉटेलच्या फोनआधी तुला मिळेल. आई हरवली म्हणून तू घाबरशील, गाईडवर तुटून पडशील. त्या माणसाला काही बोलू नकोस. बाबांनाही काही विचारू नकोस. आमच्यापैकी कुणी हरवलेलं नाही. आम्ही दोघांनीही नीट बघूनच सांगितलं होतं.

तुझीच,
आई