सॉर्ट, उभी रेघ, वाटप

प्रिय प्रेरणा,

उद्या विजेचं मीटर काढायला माणूस येतोय. पुंडलिकनगरचं आपलं घर पाडून बिल्डर तिथं सहा मजले चढवणार आहे. तुझ्या आईनं भांडी बांधली, मी पुस्तकं. राहिलाय तो एक कॉम्प्युटर. त्याला मी कुणाला हात लावू देत नाही, आणि का, ते आई आता विचारत नाही.

शेल, म्हणजे कॉम्प्युटरला टाईप करून हुकूम सोडणं, मी कुणाकडून शिकलो नाही, हे तुला शंभरदा ऐकवलंय. चितेगावच्या कंपनीत स्टोअर सांभाळत, जेवणाच्या सुट्टीत मॅन्युअल वाचून शिकलो. तुला मात्र सोपं करून सांगितलं: एका प्रोग्रॅमनं आपलं काम करायचं नि जे निघेल ते उभ्या रेघेतून, म्हणजे पाईपमधून, पुढच्याच्या ओंजळीत टाकायचं. पुढचा कोण, हे मागच्याला माहीत असायची गरज नाही. तू म्हणालीस, मग आपल्या घरात हेच तर चालतं, आई मला सांगते, मी तुम्हाला. लई हसलो होतो.

त्या दुष्काळी उन्हाळ्यात टँकरच्या ठेकेदाराचं काम आपण घेतलं. गावांची नावं तू टाकायचीस, सॉर्ट नावाचा प्रोग्रॅम ती क्रमानं लावायचा, पाईपमधून ती माझ्या ‘वाटप’ प्रोग्रॅमकडं जायची, आणि वाटप प्रत्येक गावापुढं टँकर लिहायचा. भांडण व्हायचं ते वाटपवरून. नावात एक अक्षर चुकलं तरी तो ‘असं गाव नाही’ म्हणायचा. तुझं म्हणणं, माणसं घाईत असतात, अर्धं नाव ओळखायला काय जातं? माझं म्हणणं, ज्याला पाणी पाहिजे त्यानं गावाचं नाव नीट लिहावं. तुम्ही म्हणजे अगदी तहसील कचेरी आहात, म्हणायचीस.

त्या संध्याकाळी तू सुचतील तशी नावं टाकत होतीस. बिडकीन, आडगाव, चितेगाव, कचनेर. पुढचं ‘दौल’ इथवर आलं आणि गल्लीत ओरड झाली, नळ आला. आठवडा उलटून आला होता. तू तशीच उठलीस, मोटार लावायला. मोटारीच्या पत्र्यात करंट उतरला होता. घरातली सगळी वीज उडाली. तू त्या खुर्चीत परत आली नाहीस. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर होता, तेवढा चालू राहिला.

तो मी पुढंही बंद पडू दिला नाही. बॅटऱ्या बदलत गेलो. पडद्यावर तुझा ‘दौल’ आणि त्यापुढं लुकलुकणारा ठिपका. सॉर्टचा स्वभाव तुला ठाऊक आहे. शेवटची ओळ आली असं कळल्याशिवाय तो पहिलीही सोडत नाही. संपलं, हे कुणीतरी त्याला सांगावं लागतं. मी सांगत नव्हतो. तो थांबला होता, त्याच्यामागं माझा वाटप थांबला होता, आणि वाटपपुढं मी.

पण उद्या वीज तुटली तर तुझी नावं जागच्या जागी जातील, एकही पुढं न सरकता. म्हणून आज दुपारी तुझ्या खुर्चीत बसलो. ‘ताबाद’ जोडावंसं वाटलं. जोडलं नाही; ती ओळ तुझी. कंट्रोल धरून डी दाबला, सॉर्टला ‘संपलं’ सांगायची हीच खूण. अर्ध्या ओळीवर तो दोनदा दाबावा लागतो. पहिल्यानं नुसता अर्धा शब्द पुढं जातो, दुसऱ्यानं संपतं. दुसऱ्यांदा दाबायला बोट लवकर उचललं नाही.

आडगाव. कचनेर. चितेगाव. प्रत्येकापुढं टँकर. नंतर ‘दौल’ची पाळी. मी ‘असं गाव नाही’ची वाट बघत होतो, ते वाक्य माझ्याच हातचं. त्या जागी आलं: ‘दौल म्हणजे दौलताबाद. एवढं बी कळत नाय का, बाबा?’ माझ्या प्रोग्रॅममध्ये तू कधी हात घातलास, मला पत्ताच नाही. आईला हाक मारली. तिनं ती ओळ मला मोठ्यानं वाचायला लावली, परत एकदा लावली. शेवटी बिडकीन आलं आणि पडदा मोकळा झाला. सगळ्या गावांना पाणी गेलं, दौलताबादलाही, एवढं कळवायला लिहिलं. कळलं गं, पोरी.

तुझाच,
बाबा