पिंपळाला लावलेली कात्री

गुरुजी, तुमचा कुंडीतला पिंपळ आता खालापुरात माझ्या ओसरीवर आहे. तुम्ही गेल्यावर काकूंनी तो बैलगाडीतून पाठवला, ‘तुझ्याच हाताचा आहे’ असा निरोप देऊन. वय तिशीपार, उंची हातभर. पानं गळून गेलीत, डोळे फुगू लागलेत. म्हणजे कात्री लावायचे हे चार-सहा दिवस. हे तुम्हीच शिकवलंत. एका ऱ्हस्व-दीर्घासाठी पळी फेकून मारणारे तुम्ही, त्या कुंडीपुढे मात्र तासन् तास गप्प बसायचात. “अजून झोपलाय तो, घाई कसली?” एवढंच म्हणायचात. भिसेगावच्या विहिरीच्या चिऱ्यातून निघालेलं ते रोप, त्याच्या फांद्यांना सुतळीने खडे बांधून तुम्ही त्या वळवल्यात. पण कात्री कधी हातात घेतली नाहीत. फाल्गुनात मला हाक यायची, तुम्ही बोट दाखवायचात, मी कापायचो. अशी सात वर्षं. एवढ्या शिष्यांत हा मान माझा, असं मी आईलाही सांगून ठेवलं होतं.

मग एका मार्गशीर्षात तुमचे व्याही आले. मी माजघरात पोथ्या बांधतोय. ते विचारतात, “शास्त्रीबुवा, पिंपळाला शस्त्र लावता? लेकराबाळांचं घर तुमचं.” तुम्ही हसता. “मी कुठे लावतो? तो आहे ना. लागलंच पाप तर त्याला लागेल. त्याचं अजून लग्नही नाही.”

दुसऱ्या दिवशी तुम्ही नदीवर स्नानाला गेलात आणि मी, ऐन थंडीत, डावी फांदी छाटली. सात वर्षं वळवलेली, तुमची लाडकी. पुढे तिथलं खोडही काळं पडत गेलं. तुम्ही परतलात तेव्हा मोळी विकायला आलेली ठाकरवाडीची म्हातारी अंगणात होती, मागे तिची शेळी. तुम्ही शेळीवर काठी उगारलीत. म्हातारी म्हणाली, “नाय वो बाबा, शेळी पाला खाते. ही कापलेली हाय, बगा तरी.” तुम्ही बघितलं नाहीत. मग ती माझ्याकडे वळली. “तू तरी सांग रं यांना.” मी खाली पाहिलं. तिला तुमचं दार बंद झालं, आणि फाल्गुनात मला नेहमीसारखी हाक आली.

मला मूल झालं नाही, गुरुजी. पिंपळाचा त्याच्याशी काही संबंध नाही, हे मी बायकोला न्यायशास्त्राच्या पाचही अवयवांनिशी सिद्ध करून दाखवलं. तिने ऐकून घेतलं आणि शनिवारी पिंपळाला पाणी घालू लागली. तुम्ही माझ्या माथी मारलेलं पाप मी मानत नाही. म्हातारीचं मानतो.

हे पत्र कुठे टाकणार? पोथीत राहील. एक मात्र लिहून ठेवतो. आज सकाळी कात्री घेऊन कुंडीपुढे बसलो, तर बायको दारात उभी. मी गड्याला हाक मारली. त्याला तीन मुलं आहेत. तो हात पुसत आला. “काय कापायचं हाय का?” कात्री मी त्याच्याकडेच धरली होती. मग ती खाली ठेवली आणि प्यायला पाणी मागितलं.