प्रत्येकीच्या नावाची खिडकी

३ मार्च

"वॉर्डातल्या भगिनींनो! यंत्र एक, पासवर्ड एक, आणि तोही मोठ्या सिस्टरांचा — मॉनिटरच्या कडेला चिकटपट्टीने डकवलेला! धावता तुम्ही, सुया टोचता तुम्ही, शिव्या खाता तुम्ही. आणि नोंदीखाली नाव? दिवसभर एकीचंच! मग तुमचं काम गेलं कुठे?"

संघटनेच्या सभेत आज अशी सुरुवात केली. टेबलं बडवली लोकांनी! पुढे पाथरवटांचं सांगितलं — जुन्या इमारतींच्या दगडांवर घडवणाऱ्याची खूण कोरलेली असते, असं मी कितीदा वाचलंय. दगड फोडणाऱ्याला खूण होती, आणि जीव वाचवणारीला नाही! घसा अजून खरखरतोय.

संचालकसाहेब मागच्या रांगेत होते. सभा संपल्यावर म्हणाले, "बाई, भाषण झालं. आता करून दाखवा. तुमच्याच संगणक विभागाने करायचं. प्रत्येकीला तिच्या नावाचं कार्ड द्या आणि एका वॉर्डात एक दिवस चालवा. काम अडलं तर कार्डं परत खोक्यात."

दिलं आव्हान! घेतलं!

४ मार्च

वॉर्ड अर्थात मोठ्या सिस्टरांचाच मागून घेतला. दुसरा कुठला घेणार? महिनाअखेर त्या निवृत्त होतायत आणि हातात चौकशीची नोटीस. एका पेशंटला तोच डोस दोनदा गेला. पहिला दिला तेव्हा यंत्रापाशी गर्दी, म्हणून नोंदच झाली नाही. दुसरीने पाहिलं, जागा रिकामी — दिला. पेशंट ठणठणीत घरी गेला, पण दुसऱ्या डोसखाली नाव सिस्टरांचं! सकाळी त्या पासवर्ड टाकतात आणि दिवसभर सगळा वॉर्ड त्याच खिडकीत काम करतो.

मी म्हटलं, "सिस्टर, तुम्ही दिला नाहीत हे मला माहितीये. कुणी दिला ते सांगून का टाकत नाही?"

"माझ्या वॉर्डातला डोस तो माझा."

"हा काय न्याय झाला?"

"न्याय तू सभेत कर, बाई. मला पेशंट बघू दे."

असल्या मोठेपणाचा मला रागही येतो आणि वाकून नमस्कारही करावासा वाटतो. कामाला लागले.

६ मार्च

डब्या आल्या! वहीएवढी काळी डबी, पोटात स्वतःचं काही नाही. सगळं खालच्या मजल्यावरच्या सर्व्हरवर. डबी म्हणजे नुसती खिडकी. माझ्या टेबलावरून एक सेटिंग बदललं की वॉर्डातल्या सगळ्या डब्या ऐकतात! प्रत्येक डबीला एक कार्ड रीडर. पाळी सुरू होताना एकदाच स्वतःचा पासवर्ड, मग दिवसभर नुसतं कार्ड टेकवायचं — औषधं, तपासण्या, एक्स-रे, तिन्ही दारं एकदम उघडतात. अर्धवट काम सोडून दुसऱ्या खोलीत जा, तिथल्या डबीवर कार्ड टेकवा — अर्धं वाक्य तिथेच वाट बघत असतं! हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी चक्क ओरडले.

माझा जोडीदार — सगळे त्याला सावकाशराव म्हणतात, कारण तो दुसरं काही बोलतच नाही — म्हणाला, "सावकाश. अजून एकच चाललीये."

७ मार्च

एकच चालली. बाकीच्यांचं कार्ड वाचतं, नाव ओळखतं, आणि मग सर्व्हर तोंडावर दार आपटतो. रीडर बदलले. वायरी बदलल्या. सावकाशरावांवर ओरडले, त्याने मला पाणी दिलं.

८ मार्च

घड्याळ! घड्याळ!! नव्या डब्यांची घड्याळं मागे होती. वेळ जुळली नाही तर सर्व्हर त्या माणसावर विश्वासच ठेवत नाही — शिळी चिठ्ठी दाखवून आत घुसणारा समजतो. सगळ्या डब्यांना एकाच घड्याळाला बांधलं. हिरवा, हिरवा, हिरवा! मी सावकाशरावांचा हात धरून गोल फिरवला. तो म्हणाला, "सावका—" आणि हसायला लागला.

९ मार्च

जेवताना धाकटीला सगळं सांगत होते. माझी सख्खी बहीण त्याच वॉर्डात, आणि तिला काडीचा उत्साह नाही! आमटीत चमचा फिरवत बसली होती. मग एकदम म्हणाली, "ताई, जुन्या नोंदींचं काय होतं? त्यांच्यावर पण आता खरी नावं येतील?"

"छे! मागचं जसंच्या तसं. ते कोणीच बदलू शकत नाही. सिस्टरांचं नाव सिस्टरांवर!"

"म्हणजे कधीच कळणार नाही."

"यंत्राला नाही कळणार. म्हणून तर म्हणते, पुढचं तरी नीट होऊ दे."

ताट अर्धं टाकून उठली. कार्ड अजून पाकिटातून काढलेलं नाही! म्हटलं, घरची माणसंच अशी पाय ओढणार असतील तर मी बाहेर काय बोंबलू? "ताई, प्लीज," म्हणाली आणि नळ सोडला.

११ मार्च

आज परीक्षा. आणि आज — सांगायलाही लाज वाटते.

सकाळी झकास. दुपारी अपघाताचे पेशंट एकदम आले आणि पळापळ झाली. धापा टाकत वॉर्डात पोचले तर काय! रीडरवर मोठ्या सिस्टरांचं कार्ड — जखमेच्या चिकटपट्टीने घट्ट बसवलेलं! सगळ्या भराभर त्याच खिडकीत नोंदी करतायत. पासवर्डच्या चिठ्ठीच्या जागी कार्ड आलं, बस. बाकी सगळं पहिल्यासारखं!

"अहो, हे काय केलंत?"

"तुम्हीच सांगितलंत ना, कार्ड असेपर्यंत खिडकी मिटत नाही? मग मिटू कशाला द्यायची?" एक सिस्टर म्हणाली. पुन्हा वर, "एवढ्या गडबडीत कोण कार्ड काढतंय खिशातून!"

तिचं काय चुकलं? ते सेटिंग मीच ठेवलं होतं! दयाळूपणा म्हणून! साहेब दारात उभे. घड्याळाकडे बघून म्हणाले, "बाई, परवापर्यंत. मग खोकं."

घरी आले तर धाकटी अंथरुणात, भिंतीकडे तोंड करून. तापबिप नाही.

१२ मार्च

सेटिंग उलटं केलं. आता टेकवा, उचला, कामाला लागा. कार्ड ठेवून काही मिळणार नाही. दुसरीने टेकवलं की पहिलीची खिडकी मिटणार आणि दुसरीची उघडणार. कार्डं खिशातून काढून गळ्यात घातली, रीडर टेबलाच्या अगदी कडेला आणले — नुसतं वाकलं तरी टेकतं. माझ्या सगळ्या भाषणांनी जे झालं नाही ते एका नाडीने झालं! सावकाशरावांनी नाड्या आणल्या. धावत!

१३ मार्च

चाललं!! दिवसभर चाललं! आजही गर्दी होती आणि कुणी यंत्रापाशी थांबलं नाही. टिक — नाव. टिक — दुसरं नाव. वॉर्डातली सगळ्यांत चिडकी सिस्टर पडद्यावर बोट ठेवून म्हणाली, "अगं, हे माझं! हे बघ, हे पण माझं!" साहेब स्वतः म्हणाले, "पुढच्या महिन्यात सगळ्या वॉर्डांत लावा." टेबलावर चढून बोलावंसं वाटत होतं. चढलेही असते, पण टेबलावर औषधं होती.

मोठ्या सिस्टरांनी डोक्यावरून हात फिरवला. "छान केलंस. आता घरी जरा कमी बोल. ऐक थोडं."

म्हातारपणी काहीही बोलतात!

१४ मार्च

चौकशी सोमवारी, दहा वाजता. त्या चौकशीत यंत्राचा काही उपयोग नाही. मागचं जसंच्या तसं.

१५ मार्च

धाकटीने आज कार्ड गळ्यात घातलं. पाळी संपवून आली, ते काढलंच नाही. मी पुढच्या वॉर्डाचं सांगत होते, ती मध्येच म्हणाली — "ताई, थांब. तो दुसरा डोस माझ्या हातचा. जागा रिकामी दिसली म्हणून दिला. सिस्टरांना पहिल्या दिवसापासून माहितीये. सोमवारी मी आत जाऊन सांगणार आहे."

मी खुर्ची ओढून तिच्यासमोर ऐकत बसले. मी!

"तूच सांगितलंस ना सगळ्यांना," ती म्हणाली, "आपलं काम आपल्या नावावर?"

१६ मार्च

वॉर्डातल्या भगिनींनो, उद्या भाषण नाही. त्या एका खिडकीत आपण सगळ्याच काम करत होतो. ती रिकामी जागा त्या दिवशी तुमच्यातल्या कुणालाही दिसली असती. दहा वाजता चौकशीच्या खोलीबाहेर या. ते दार माझ्या बहिणीला एकटीने उघडायला लावू नका.