उरलेल्या माद्या

सोलापूर, मे १९७६

प्रिय अण्णा,

तू अव्वाला माळशिरसला नेलंस आणि भवानी पेठेतली ही खोली एकदम मोठी झाली. घरात कन्नड बोलायला कुणी उरलं नाही. हसू नकोस, पण मी आता कॉलेजातल्या पांढऱ्या उंदरांशी कन्नडात बोलते. ऐकून तरी घेतात बिचारे.

काम तेच. नवं वेदनाशामक टोचायचं, उंदराला तापलेल्या पत्र्यावर ठेवायचं आणि तो पंजा कधी चाटतो ते बघायचं. चाटला की लगेच उचलायचा. औषध लागू पडलं तर बराच वेळ स्वस्थ बसतो. आमच्याकडे हे सगळं नरांवरच करतात. माद्या पिलांसाठी ठेवायच्या. त्यांचं अंग सारखं पालटतं, आकडे बिघडतात, असं सरांचं म्हणणं. यंदाच्या उकाड्याने नर पटापट गेले. काम अडायला नको म्हणून मी उरलेल्या माद्या घेतल्या. वजनाच्या हिशोबाने औषध तेवढंच, पण नर ज्यावर शांत बसायचे त्यावर या लगेच पंजे चाटायला लागल्या. सर म्हणाले, तुझा हात चुकला असेल. नवे नर आल्यावर दोघांवर शेजारी शेजारी करून पाहिलं. पुन्हा तेच. मग म्हणाले, माद्या सोडून दे, नरांचंच लिही. मी ऐकलं नाही. तेव्हापासून विभागात माझ्याशी कुणी धड बोलत नाही, डबाही एकटीच खाते. फार एकटं वाटतं रे.

त्या माद्यांकडे बघताना मला अव्वाच दिसते. अप्पांच्या शेवटच्या आजारात तुझ्या दवाखान्यातल्या गोळीने त्यांना झोप लागायची. अव्वाच्या पोटातल्या गाठीला तू तीच गोळी देतोस आणि कार्डात लिहितोस की अप्पा कसे गप्प पडून राहायचे, ही उगीच कण्हते, हिला लाड हवेत. इथून निघताना तिने माझा हात धरला होता. ‘लई दुखतंय गं,’ एवढंच म्हणाली.

उंदरावरून माणसाचं ठरत नाही, हे तू सांगशीलच. मलाही ते कळतं. तरी हे पत्र त्यासाठीच आहे. अण्णा, तिला पुरेल असं औषध बघ. तिकडे मिळत नसेल तर नाव कळव, रविवारी मी घेऊन येते. तोवर जरा तिच्याजवळ बस आणि दुखतंय का विचार. ती हो म्हणाली तर अप्पांशी ताडून बघू नकोस. ती म्हणते तेवढं दुखतंय.

तुझीच,
हेमावती