टोपीच्या दुकानातलं तारण

ती. दादास,

धाकट्या बहिणीचा नमस्कार. दातओठ खात केलेला असला तरी तो गोड मानून घे. वहिनीचा गुडघा कसा आहे? तुझी साखर काय म्हणते? (गोड खाऊ नकोस असं लिहिणार होते, पण आज राग तुझ्यावरही आहे, तेव्हा खा काय हवं ते.) आम्ही दोघं ठीक. म्हणजे मी ठीक आहे आणि तुझे लाडके मेहुणे अजून जिवंत आहेत, हा माझा मोठेपणा समज.

निघायच्या आदल्या आठवड्यात तू घरी आला होतास, आठवतं? सगळी हयात बँकेत घालवलेला माणूस तू. खुर्चीत रेलून यांना बजावलंस, की परदेशी जातोय हे बँकेला आधी कळवा, नाहीतर कार्ड ऐनवेळी बंद पडेल. ज्या बंदरात उतराल तिथली थोडी सुटी रोकड खिशात असू द्या. आणि मशीननं आपल्या पैशांत की त्यांच्या असं विचारलं तर त्यांच्याच पैशांत म्हणा, आपल्या म्हटलं की जास्त कापून घेतात. हे मान डोलवत होते आणि एक डोळा टीव्हीवर होता. मी मागे चहाचे कप आवरत होते आणि शब्द न् शब्द माझ्या डोक्यात बसत होता. पण माझ्याकडे वळून तू काय म्हणालास? चहात साखर कमी आहे!

आता ऐक. या बोटीवर पैसा दिसतच नाही. चढताना प्रत्येकाला एक निळं कार्ड देतात, त्यानंच खोलीचं दार उघडायचं, त्यानंच सरबत प्यायचं, हिशेब शेवटी. यांना त्या कार्डाचं इतकं कौतुक, की झोपतानाही उशाशी. काल बंदरात उतरताना यांनी खरं कार्ड, नोटा, फोन, दोघांचे पासपोर्ट, सगळं खोलीतल्या तिजोरीत कोंबलं आणि दोघांची निळी कार्डं तेवढी स्वतःच्या खिशात घातली. बंदर म्हणजे चोरांचा बाजार, इति मेहुणे. मी म्हटलं, अहो, थोडे सुटे तरी घ्या. त्यावर, तुला त्यातलं काय कळतंय. (माझ्या पर्समध्ये म्हणशील तर रुमाल, कंगवा आणि डोकेदुखीची गोळी असते. पैसे ‘आपल्या’ खिशात असतात, म्हणजे यांच्या.)

पहिला हिसका सार्वजनिक मुतारीच्या दाराशी बसला. तिथल्या बाईला नाणं हवं होतं. यांनी ऐटीत निळं कार्ड पुढे केलं. तिनं ते उलटसुलट पाहून परत दिलं आणि दार लावून घेतलं. मागासलेले लोक, असं पुटपुटत हे पुढे निघाले, पण चाल बदलली होती. ऊन रणरणत होतं, माझं डोकं ठणकायला लागलं, म्हणून एका टोपीच्या दुकानात शिरलो. रुंद काठाची एक गवती टोपी मी डोक्यावर ठेवली. यांनी राजासारखी मान हलवली. दुकानवालीनं कात्रीनं किमतीची चिठ्ठी कापली, आणि मग ते निळं कार्ड बाहेर आलं! तिनं ते पाहिलं, मला पाहिलं, कापलेल्या चिठ्ठीकडे बोट दाखवलं. टोपी परत घ्यायला तयार नाही. यांनी काय करावं? मला दारातल्या स्टुलावर बसवलं, तिला खुणेनं ‘ही इथंच आहे’ असं सांगितलं आणि पैसे आणायला बोटीकडे धूम ठोकली. दादा, तुमच्या बँकेत दागिने ठेवतात ना, तशी मला तारण ठेवली रे! दागिन्यांना पावती तरी मिळते.

वेळ जाता जाईना. रस्त्यानं बोटीवरची माणसं परत फिरायला लागली आणि मला घाम फुटला. जवळ पैसा नाही, फोन नाही, कागद नाही, तिथली भाषा नाही. बोट सुटली असती तर मी कोण हे सांगायलाही माझ्यापाशी काही नव्हतं. मला फार भीती वाटली. रडायचीच बाकी होते, तेवढ्यात आमच्याच बोटीवरच्या बायकांचा घोळका आत शिरला, हातात निळी कार्डं नाचवत. मी उठलेच. त्यांना सांगितलं, बायांनो, ती आत ठेवा, खरी काढा. मशीन विचारेल तेव्हा इथल्याच पैशांत म्हणा. कुणाला कुठली टोपी शोभते तेही सांगितलं (एकीला स्पष्ट सांगितलं, ही घातलीस तर तुझा नवरा तुला ओळखणार नाही, तिनं तीच घेतली). बघता बघता मांडणीच्या वरच्या दोन फळ्या रिकाम्या झाल्या. दुकानवाली माझ्या तोंडाकडे बघतच राहिली.

मग हे उगवले. सावकाश, ढेकर देत, मिशीला क्रीम! बोटीवर जेवणाची वेळ संपत आली होती म्हणे. जेवणाचे पैसे आधीच भरलेत, सोडायचं कशाला? मी इकडे तारण आणि हे तिकडे ताटावर. तळपायाची आग मस्तकात गेली. बरं, आणलं काय? आपल्याकडची मोठी नोट. दुकानवालीनं मान हलवली. मग खरं कार्ड. मशीननं नकार दिला, कारण बँकेला कळवलंय कुणी? बँकेनं विचारणा केली असणार फोनवर, आणि फोन तिजोरीत. हे घामाघूम. शेवटी त्या बाईनं यांचं कार्ड बाजूला सारलं, माझ्या टोपीकडे आणि मग रिकाम्या फळ्यांकडे बोट केलं, हात झटकला, म्हणजे फिटलं. वर माझ्या मुठीत घडी केलेल्या नोटा ठेवल्या. धावतपळत बोट गाठली. धाप ओसरल्यावर यांचं पहिलं वाक्य काय असेल?

“बघ, टोपी फुकट पडली.”

फुकट! दादा, मी तेव्हापासून यांच्याशी बोललेली नाही.

वहिनीला सांग, गुडघा शेकत राहा.

तुझी भडकलेली,
धाकटी

ता. क. यांना फोन करून रागावू नकोस. काल दुपारी तसं जेवून रात्री पुन्हा ताव मारल्यामुळे पोट बिघडलंय, रात्रभर मी मीठ-साखरेचं पाणी देत बसले होते. (तेही न बोलता.)

ता. क. दुसरा. खरं काम राहिलंच. परत आल्यावर मला तुझ्याबरोबर बँकेत यायचंय. माझ्या एकटीच्या नावाचं खातं, माझं कार्ड, आणि बँकेचा निरोप माझ्याच फोनवर. यांच्यापासून लपवायचं नाही. विचारायचंही नाही. कागदपत्रं काय लागतील ते या वेळी मला सांग.

ता. क. तिसरा. आजचं बंदर त्याच देशातलं आहे, म्हणून एवढं पोस्टाच्या खिडकीशी उभी राहून लिहितेय. पाकिटावरचं तिकीट मी घेतलंय, माझ्या पैशांनी. आयुष्यातली पहिली कमाई आहे रे. पाकीट फाडताना तेवढं जपून काढ आणि माझ्यासाठी ठेव.