बेबीचा फोटो काचेला चिकटलाय

१२ ऑगस्ट ०७, रवि.
भिंतीची ओल टीव्हीच्या वरपर्यंत आली. सगळ्या फ्रेमा उतरवल्या. सासऱ्यांचा फोटो, आमच्या लग्नाचा, गावच्या घरासमोरचा, सगळे नीट सुटले. बेबीचा नाही. काचेला चिकटलाय, आणि आतून काळी बुरशी, फ्रॉकच्या घेरापर्यंत.
बेबी म्हणजे माझ्या नवऱ्याची, मिलिंदची थोरली बहीण. लहानपणीच गेली. तिचा हा एकच फोटो. निगेटिव्ह वगैरे कुठली असायला!
आईंनी विचारलं, "निघेल ना गं?" मी सून, हो म्हटलं.

१४ ऑगस्ट, मंगळ.
बाकीचे फोटो हाटकेशला कामावर नेले. आमच्या डीटीपीच्या मशीनवर जेवणाच्या सुट्टीत स्कॅन केले. शेठनी करू दिलं. सीडी झाली.
बेबीची फ्रेम आई देत नाहीत. "रिक्षात हिसका बसला तर?" खरंय. मलाही नकोच होती ती जबाबदारी.

१७ ऑगस्ट, शुक्र.
आई स्वतःच आल्या. घरून, जेसल पार्कपासून फ्रेम मांडीवर, वर पदर. रिक्षावाल्याला सारखं "भैया, धीरे, धीरे."
काचेसकट स्कॅन केला. चेहऱ्यावर रंगीत वलयं, पाण्यावर तेल पसरल्यासारखी. काच पुसली, फ्रेम फिरवली, तेच. डोळे येतच नाहीत. कॉम्प्युटरवर डोळे काढता येतील मला. पण ते मी काढलेले असतील.
आईंनी स्क्रीनकडे एकदाच बघितलं. फ्रेम परत पदराखाली घेतली.

१९ ऑगस्ट, रवि.
बुरशी कमरेपर्यंत आली. सकाळी उठल्यावर आधी तेच बघते. आईही बघतात. एकमेकींना सांगत नाही.
स्टेशनजवळच्या स्टुडिओत विचारून आले. "पानी में डालो तो छूट सकता है. लेकिन फंगस है मॅडम, पूरा गल भी सकता है. मैं हाथ नहीं लगाऊंगा."

२१ ऑगस्ट, मंगळ.
कामावरून आले तर मिलिंद ब्लेड घेऊन बसलेला. बेबीचे पाय काचेवर राहिलेत. कागदावर नुसता पांढरा ओरखडा.
मी ओरडले. तो रडवेला. "नुसतं बघत बसायचं का आपण? मला सहन नाही होत गं." मग हळूच, "आईला कळू देऊ नको."
आई दारातच उभ्या होत्या.

२२ ऑगस्ट, बुध.
आई जेवल्या नाहीत. मि.शी बोलत नाहीत. माझ्याशीही नाही.

२५ ऑगस्ट, शनि.
मेथी निवडताना आईंनीच विषय काढला. "उद्या सुट्टी ना तुला? पाण्यात घाल."
"आणि गेली तर?"
बराच वेळ काड्या खुडत राहिल्या. "बेबी गेली तेव्हा मी बाळंतिणीच्या खोलीत. मिलिंद दहा दिवसांचा. मला बाहेर येऊ दिलं नाही कुणी. तिला नेताना नुसते आवाज ऐकले. आता जायची असेल तर माझ्यासमोर जाऊ दे."
म्हटलं, स्कॅन आहे ना, जसा असेल तसा.
"त्यात डोळे नाहीत, वर्षा."
मि. आतल्या खोलीत होता. त्याने ऐकलं असणार. जेवायला बाहेर आला नाही.

२६ ऑगस्ट, रवि.
सकाळीच ट्रेमध्ये गार पाणी घेतलं. काच हळूच आत सोडली. देवाचं नाव घेतलं की नाही, आठवत नाही.
आपोआप सुटू दे म्हणून दोन मिनिटं इथे येऊन लिहितेय. नाहीतर माझा धक्का लागेल.
पाणी काळपट झालंय. बुरशीचं की फोटोचं, कळत नाही. घेर सुटला, फाटला नाही. कमरेचा पट्टाही सुटला. एक हात मात्र पुसट झालाय. मि. खाली जाऊन उभा आहे, गॅलरीतून दिसतोय. वर बघत नाही.
आई ट्रेजवळ पाट घेऊन बसल्यात. चष्मा पुसून पुसून बघतायत.
"वर्षा, ये गं. खांदा सुटला. आता तोंड."
जाते.