आधी राबणाऱ्यांचं ताट

रविवार, दुपार

प्रिय ताई,

धाकटीचा नमस्कार. तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले, उत्तराला उशीर झाला खरा. मी मजेत आहे. कंबर अधूनमधून कुरकुरते, पण वृद्धाश्रमात काम करणाऱ्या आम्हा सगळ्याच जणींची कुरकुरते, त्यामुळे तिचं कुणी मनावर घेत नाही.

आमच्याकडे एक खानावळवाल्या आजी आल्यात. जन्मभर कामगारांना जेवू घातलं, आणि इथे आल्यापासून स्वतः जेवणाशी उभा दावा. ताट समोर ठेवलं की ढकलायच्या. मुलगा गयावया करून गेला, डॉक्टरांनी औषध बदललं, काही उपयोग नाही. अंगाची नुसती काडी झाली होती.

मागच्या महिन्यात आमच्यातल्या दोघी आजारी पडल्या, त्यांचंही काम माझ्या गळ्यात. आजींपुढे ताट ठेवलं आणि मला घेरीच आली. भिंतीला धरून खाली बसले.

"तू जेवलीस का?" आजींनी विचारलं.

"तुमचं झालं की जेवते."

"मग माझं व्हायचंच नाही. राबणारी माणसं उपाशी आणि मी आधी गिळू? आमच्या खानावळीत असं नव्हतं."

आमच्या मुख्य, मोठ्या सिस्टर, त्यांच्या कानावर मी हे घातलं. वाटलं, हसतील. त्यांनी दुसऱ्या दिवशी जेवणघरात आमच्यासाठी टेबल मांडलं, आजींच्या हातात डाव दिला आणि आम्हाला म्हणाल्या, "बसा. कामं पळून जात नाहीत."

आजींचा हात थरथरतो, निम्मी भाजी टेबलावर. पण आम्हाला वाढून झालं की आपलं ताट ओढून घेतात आणि पुसून खातात. वर मलाच दटावतात, "चिमणीसारखं काय टिपतेस?" इतकी वर्षं आम्ही ओट्याशी उभ्या राहून दोन घास कोंबत होतो, ताई. आता बसून जेवतो, हसतो. नोकरी सोडायचा विचार मनात घोळत होता, तो कधी गेला कळलंही नाही.

आता मुद्द्याचं. तू विचारलंस, "खरं सांग, स्वतःच्या आईला तिथे ठेवशील?" त्या एका ओळीपायी पत्र लांबणीवर पडलं. गेल्या वर्षी विचारतीस तर 'नाही' म्हणाले असते.

आज म्हणते, ठेवीन.

आई रात्री भ्रमात दार उघडून निघून जाईल म्हणून तू दाराला खाट लावून झोपतेस. तिला झोप लागते, तुला नाही. लोक म्हणतील, आईला टाकलं. म्हणू देत, त्यांच्यातलं कुणी कधी त्या खाटेवर झोपलेलं नाही.

मी मोठ्या सिस्टरांशी बोलले. जागा आहे. आईचं करायला दुसरी बाई असेल. "तू तिच्याकडे मुलगी म्हणूनच जात जा," असं त्यांनी मला बजावलंय. पण आईला कशाने राग येतो, कशाने ती शांत होते, हे त्यांना तुलाच समजावून सांगावं लागेल. ते तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

तिला घेऊन ये. आणि लगेच परतू नकोस. माझ्या खोलीत पोटभर झोप, मी कुणाला उठवू देणार नाही.

आईची, आणि तुझीही,
धाकटी